एडिटिंग करताना टिक्-टिक्, खरखर आणि हम्म: साफ करायच्या आधी आवाज येतोय कुठून ते पकडा

तुमचा प्रश्न वाचला. मला समजलं ते असं: रत्नागिरीत घरीच मराठी कथावाचन रेकॉर्ड करताय, विंडोज लॅपटॉप, दोन चॅनलचा युएसबी ऑडिओ इंटरफेस (माईक लॅपटॉपला जोडणारी पेटी), कंडेन्सर माईक, एडिटिंग रीपर या सॉफ्टवेअरमध्ये. तक्रारी तीन. मधूनच टिक् होते, अधूनमधून चर्र अशी खरखर येते आणि चार्जर लावला की खालून सतत हम्म. केबल बदलून झाली, ड्रायव्हर काढून परत टाकून झाला, शेवटी वैतागून नॉइज रिडक्शन मारलं तर आवाजातला जीवच गेला.

मी पुण्यात डबिंग आणि ऑडिओबुकचं एडिटिंग करते, बरीच वर्षं झाली, आणि या तीन तक्रारी एकत्र घेऊन येणारे लोक सतत भेटतात. तुमची ही तीन दुखणी वेगवेगळी आहेत, एका औषधाने जाणार नाहीत. म्हणून आधी नॉइज रिडक्शन, गेट (शांत जागी आवाज बंद करणारा), डी-क्लिक (टिक् पुसणारा) जे काय लावलंय ते सगळं बायपास करा, म्हणजे तात्पुरतं बंद ठेवा. रीपर मूळ वेव्ह फाइलला हात लावत नाही, ती प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये जशीच्या तशी असते, त्यामुळे काही वाया गेलेलं नाही. क्लीनिंगचे प्लगइन सगळ्यात शेवटी, आधी आवाज कुठे तयार होतोय ते शोधायचं.

पहिली टेस्ट सोपी आहे आणि निम्मा निकाल तिथेच लागतो. टिक् ऐकू आली की तिथे मार्कर टाका, रीपरमध्ये एम दाबलं की पडतो, मग पाच-सहा सेकंद मागे जाऊन तोच तुकडा तीन-चार वेळा वाजवा. टिक् प्रत्येक वेळी त्याच अक्षरावर आली तर ती फाइलमध्ये बसलेली आहे. एकदा इथे, एकदा तिथे, एकदा आलीच नाही, असं झालं तर फाइल स्वच्छ आहे आणि लॅपटॉपला वाजवताना वेळेवर डेटा पुरवता येत नाहीये. खात्री करायला तेवढाच तुकडा रेंडर करून, म्हणजे त्याची तयार फाइल बनवून, फोनवर वायरच्या इअरफोनने ऐका. रेंडर करताना कॉम्प्युटरला घाई नसते, लागेल तेवढा वेळ घेतो, म्हणून वाजवतानाची टिक् रेंडरमध्ये उतरत नाही. ब्लूटूथ हेडफोनवर हे तपासू नका, ते स्वतःच मधे तुटतात, आणि त्यांचा माईक चालू झाला की क्वालिटी एकदम फोन कॉलसारखी होते.

आता फाइलमधली टिक् असेल तर झूम करा, भरपूर झूम, इतका की वेव्हमधले सॅम्पल, म्हणजे आवाजाची एकेक मोजमापं, सुटे दिसायला लागतील. बहुतेक लोक हे करतच नाहीत, थेट डी-क्लिक लावतात, आणि मला याचं खरंच वाईट वाटतं कारण टिक्‌चा आकार बघितला की ती कुठून आली ते दहातल्या आठ वेळा तिथल्या तिथे कळतं. बोलण्याची वेव्ह गोलाई घेत वरखाली जाते. ती जाता जाता एकदम सरळ उभी उडी मारून भलत्याच उंचीवरून पुढे चालू झाली, म्हणजे आधीची लाट आणि नंतरची लाट एकमेकींना जुळतच नाहीत, तर मधले सॅम्पल हरवलेत. उडीऐवजी मधे शून्यावर सपाट रेघ दिसली तर तो खड्डा आहे, त्याची लांबी मोजा. 256 किंवा 512 सॅम्पल अशी भरली आणि तुमचा बफरही (तो काय ते पुढे सांगते) तेवढाच असेल तर एक अख्खा बफर पोचलाच नाही हे नक्की. लाटांचे वरचे टोक कापल्यासारखे सपाट असतील तर ते क्लिपिंग, गेन (इंटरफेसवरचं माईकचा आवाज वाढवणारं बटण) जास्त ठेवलाय, त्याला ड्रायव्हरचा काही संबंध नाही. आणि वेव्ह अखंड आहे, फक्त तिच्यावर एक-दोन सॅम्पलचा बारीक काटा उभा आहे, असं असेल तर बाहेरून विजेचा झटका आलाय, फ्रिज चालू झाला, पाण्याचा पंप बंद केला, कोणी ट्यूबलाइटचं बटण दाबलं, अशातलं काहीतरी.

सॅम्पल हरवणं किंवा खड्डा पडणं आणि वाजवताना जागा बदलणारी टिक्, या दोन्हींचं मूळ एकच, कॉम्प्युटर वेळेत पोचत नाही. इथे बफर समजून घ्या. बफर म्हणजे गच्चीवरची पाण्याची टाकी, नगरपालिकेचं पाणी मधे थांबलं तरी टाकीत आहे तोवर नळ चालू, टाकी लहान असेल तर जरा पुरवठा अडला की नळ कोरडा, आणि आपल्याला ऐकू येते टिक्. 48000 सॅम्पल रेटला 128 चा बफर म्हणजे फक्त 2.7 मिलिसेकंद, 1024 चा म्हणजे 21 मिलिसेकंद. कुठेतरी वाचून लोक 64 किंवा 128 लावून ठेवतात, ते लागतं कीबोर्डवर सॉफ्टवेअरचं वाद्य लाइव्ह वाजवताना किंवा प्लगइन लावलेला स्वतःचा आवाज हेडफोनमध्ये ऐकताना. तुम्ही कथा वाचताय, इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटरचं बटण असणार, ते चालू करा म्हणजे आवाज कॉम्प्युटरमधून फिरून न येता सरळ हेडफोनमध्ये येतो, मग रेकॉर्डिंगलाही 512 बिनधास्त ठेवा आणि एडिटिंगला 1024. रीपरमध्ये ट्रॅकचं मॉनिटरिंग मात्र त्या वेळी बंद ठेवा, नाहीतर स्वतःचाच आवाज दोनदा ऐकू येईल.

बफर वाढवूनही टिक् राहिली, टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर जेमतेम पंधरा-वीस टक्के दिसतोय आणि तरी टिक्, तर बहुतेक डीपीसी लेटन्सी. विंडोजमध्ये ड्रायव्हर आपलं काही काम डीपीसी नावाच्या रांगेत टाकतात आणि ते काम चालू असताना त्या कोअरवर साध्या प्रोग्रामला, तुमच्या ऑडिओलासुद्धा, पाळी मिळत नाही. एखादा ड्रायव्हर तिथे दोन-तीन मिलिसेकंद बसून राहिला की छोट्या बफरचं काम संपलं. टास्क मॅनेजरमध्ये तो ड्रायव्हर वेगळा दिसत नाही. त्यासाठी लेटन्सीमॉन नावाचं फुकट टूल आहे, ते चालू करून दहा-पंधरा मिनिटं सोडून द्या, मग ड्रायव्हरच्या टॅबमध्ये कोणी सगळ्यात जास्त वेळ खाल्लाय ते बघा. नावात एनडीआयएस असेल तर नेटवर्क, म्हणजे बहुतेक वाय-फाय. एनव्ही ने सुरू होणारं लांबलचक नाव किंवा डीएक्सजी असेल तर ग्राफिक्स. एसीपीआय असेल तर बॅटरी आणि पॉवरची भानगड.

टूल टाकायच्या आधी एरोप्लेन मोड लावून दहा मिनिटं काम करून बघा. टिक् थांबली तर वाय-फायच आहे, लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून त्याचा नवा ड्रायव्हर टाका आणि तोवर रेकॉर्डिंगच्या वेळी वाय-फाय बंद. एसीपीआय वाटलं तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये बॅटरीज खाली कंट्रोल मेथड बॅटरी नावाची एंट्री असते, ती टेस्टपुरती डिसेबल करा. बॅटरीचे टक्के दिसायचे बंद होतात, लॅपटॉप चालतो, फक्त नंतर परत एनेबल करायला विसरू नका नाहीतर चार्ज संपल्याचं कळणारच नाही.

पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्सवर टाका आणि त्यातच युएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड म्हणून सेटिंग असतं ते बंद करा, त्याने विंडोज मधेच युएसबीला झोपवतं. आणि तुमच्या बाबतीत एक गोष्ट फार महत्त्वाची आहे: चार्जर काढला की हम्म जाते म्हणून तुम्ही बॅटरीवर रेकॉर्ड करत असाल, पण बॅटरीवर बरेच लॅपटॉप वीज वाचवायला प्रोसेसर हळू करतात, मग हम्म गेली आणि टिक् वाढली असं होतं. परफॉर्मन्सचं सेटिंग बॅटरीसाठी वेगळं असतं, तेही बदला. इंटरफेस थेट लॅपटॉपच्या पोर्टमध्ये, हब मधे नको. आणि प्रोजेक्टचं फोल्डर वनड्राइव्ह किंवा गूगल ड्राइव्हच्या सिंकमध्ये असेल तर बाहेर काढा, रेकॉर्डिंग चालू असताना तीच फाइल वर चढवायचा प्रयत्न सुरू होतो. डेस्कटॉपवर सेव्ह करणाऱ्यांना बऱ्याचदा माहीतच नसतं की डेस्कटॉपच सिंक होतोय.

टिक् घड्याळ लावल्यासारखी ठराविक अंतराने येत असेल तर मात्र वेगळं बघा. एकदा स्टॉपवॉच लावा. दर दहा सेकंदाला, दर बारा सेकंदाला, असं सारखं अंतर आलं तर बहुधा क्लॉकचं प्रकरण आहे, दोन उपकरणं आपापल्या क्रिस्टलवर चालतात आणि दोघांचे 48000 तंतोतंत सारखे नसतात. इंटरफेसमधून रेकॉर्ड आणि लॅपटॉपच्या जॅकमधून ऐकणं, अशी जोडी असली की हे होतं. इनपुट आणि आउटपुट दोन्ही त्याच इंटरफेसवर, आणि ड्रायव्हर इंटरफेसच्या कंपनीचा स्वतःचा असिओ, म्हणजे ऑडिओसाठीचा खास जलद ड्रायव्हर. असिओ फॉर ऑल फक्त ज्याचा स्वतःचा असिओ नाही त्याच्यासाठी, तो विंडोजच्याच ड्रायव्हरवर चढवलेला एक थर आहे, चांगला ड्रायव्हर असताना तो मधे घालू नका. त्याच बैठकीत सॅम्पल रेटही बघून घ्या, इंटरफेसच्या पॅनलमध्ये, विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये आणि रीपरच्या प्रोजेक्टमध्ये, तिन्हीकडे 48000. एकीकडे 44100 राहिला आणि कोणी मधे कन्व्हर्ट केला नाही तर 48000 ची फाइल हळू चालते आणि आवाज जवळपास दीड सेमीटोनने उतरतो. विंडोजमधली ऑडिओ एन्हान्समेंट्स पण बंदच ठेवा.

टिक् नेमकी कटवर येत असेल तर ती तुमच्या कात्रीची आहे, यात लॅपटॉपला बोल लावायला नको. वेव्ह वर असताना कापली आणि पुढचा तुकडा खालून सुरू झाला की तिथे उभी उडी तयार होते. उपाय दोन. पाच ते दहा मिलिसेकंदाचा क्रॉसफेड द्या, म्हणजे एक तुकडा हळू उतरताना दुसरा चढतो, रीपरमध्ये तो आपोआप पडतो पण सेटिंग बंद झालेलं असू शकतं, तपासा. किंवा वेव्ह शून्यावरून जाते तिथेच कापा, ऑडॅसिटी या फुकट सॉफ्टवेअरमध्ये सिलेक्ट करून झेड दाबलं की कड शून्यावर सरकते. माझी सवय मात्र तिसरीच आहे आणि मराठी वाचनात ती फार उपयोगी पडते: क, ट, त, प या अक्षरांच्या आधी तोंड क्षणभर बंद होतं, तिथे खरीखुरी शांतता असते, कट तिथे ठेवायचा. 'पण तो काही बोलला नाही' यात 'काही'च्या क आधी कापलं तर शोधूनही सापडत नाही. ग, द, ब च्या आधी तेवढं जमत नाही, तिथे घशातला स्वर चालूच असतो. आणि काढलेल्या जागी पूर्ण शून्य ठेवू नका, खोलीचा नुसता आवाज अर्धा मिनिट रेकॉर्ड करून ठेवा आणि तो भरा, नाहीतर प्रत्येक कटला मागचा आवाज गपकन बंद होऊन परत चालू होतो आणि हेडफोनवाल्याला तेही टिक्‌सारखंच टोचतं.

आता हम्म. ऐकून अंदाज बांधत बसू नका, स्पेक्ट्रम काढा, म्हणजे कुठल्या फ्रीक्वेन्सीवर किती आवाज आहे त्याचा आलेख. ऑडॅसिटीत ॲनालाइझमध्ये प्लॉट स्पेक्ट्रम आहे, तुम्ही गप्प बसलेला दहा सेकंदांचा तुकडा त्यात टाका आणि साइज मोठी निवडा. 50, 100, 150, 200 अशी शिखरं आली तर घरातली वीज, आपल्याकडे मेन्स 50 हर्ट्झ आहे. 1000, 2000, 3000 अशी सरळ ओळ आली तर युएसबीची शिट्टी, युएसबीच्या फ्रेम सेकंदाला 1000 असतात आणि तिचा वीजपुरवठा खराब असला की तो ताल माईकमध्ये शिरतो. 217 च्या पटीत आलं तर जवळ टूजीवरचा फोन आहे, तो टिर्र-टिट्-टिट् आवाज सगळ्यांच्या ओळखीचा आहे.

चार्जर लावल्यावर वाढते म्हणजे तुमचं बहुतेक 50 आणि 100 वालं निघेल. चार्जर काढून, बाकी सगळं तसंच ठेवून परत मोजा. शिखरं खाली बसली तर चार्जरमधून येणारा गळतीचा करंट इंटरफेसमधून जमिनीकडे वाट शोधतोय. लॅपटॉपच्या धातूला हात लावला की मुंग्या आल्यासारखं होतं का? हात लावल्यावर हम्म कमी होते का? दोन्ही हो असेल तर अर्थिंगच नीट नाही. चार्जरला तीन पिनचा प्लग असेल आणि तुम्ही तो दोन पिनच्या अडॅप्टरमधून लावला असेल तर तो अडॅप्टर आत्ता काढा. इलेक्ट्रिशियनला बोलावून सॉकेटला अर्थ खरंच पोचतोय का ते तपासून घ्या, जुन्या घरात तिसरं भोक नुसतं शोभेला असतं. आणि कोणी सांगितलं की अर्थची पिन कापून टाका, हम्म जाते, तर अजिबात ऐकू नका. कधीकधी हम्म जातेही, पण उपकरणात फॉल्ट आला तर ती वीज तुमच्या हातातून जाईल.

लॅपटॉप, स्पीकर, जे काय लावाल ते सगळं एकाच एक्सटेन्शन बोर्डवर, म्हणजे अर्थ एकच. माईक ते इंटरफेस एक्सएलआर बॅलन्स्ड केबलच (तीन पिनची, बाहेरचा गोंगाट रोखणारी), आणि ती चार्जरच्या वायरशेजारून न्यायची नाही. पंख्याचा नवा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर किंवा दिव्याचा डिमर मधल्या स्पीडवर असला की झर्र अशी किरकिर सोडतो, पूर्ण बंद करून बघा. लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर रेकॉर्ड करता का? स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर असेल तर त्या वेळी हम्म हमखास वाढणार, तेव्हा सरळ लॅपटॉपच्या बॅटरीवर काम करा. साइन वेव्हवाल्याला हा त्रास खूप कमी.

राहिली ती चर्र खरखर. तुम्ही लिहिलंय की जूनपासून वाढली. मला इथे माईकवरच संशय आहे. कंडेन्सर माईकच्या कॅप्सूलमध्ये पातळ पडदा आणि मागची प्लेट यांच्यात चार्ज धरलेला असतो, कोकणातल्या पावसाळी हवेत तिथे ओल बसली की तो चार्ज थोडाथोडा गळतो आणि चर्र, फट्, फुस् असे आवाज येतात, कुठल्याही वेळेला, काही ताल नाही. झूम करून बघितलंत तर खड्डाही नसतो आणि उभी उडीही नसते, वेडावाकडा गोंधळ असतो. कोणाकडून तरी साधा डायनॅमिक माईक एक दिवस मागून आणा, 48 व्होल्टचं फँटम (इंटरफेसमधून कंडेन्सर माईकला जाणारी वीज) बंद करा, त्याच केबलने त्याच इनपुटला लावा आणि अर्धा तास रेकॉर्ड करा. खरखर गायब झाली तर माईक ओलसर आहे, राहिली तर केबल, सॉकेट किंवा गेनचं बटण. बटण फिरवताना खरखरत असेल तर बटणच, कॉन्टॅक्ट क्लीनर लागेल.

ओल असेल तर माईक हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून दोन दिवस ठेवा. जेलचा रंग बदलला की तव्यावर गरम करून परत वापरता येतं. हेअर ड्रायर मारू नका, कॅप्सूल कापडाने पुसू नका. पावसाळाभर काम झालं की माईक स्टँडवर उघडा न ठेवता डब्यात गेला पाहिजे, आणि पॉप फिल्टर हवाच, भ, फ, ध म्हणताना तोंडातली वाफ सरळ आत जाते.

आधी रेकॉर्ड झालेल्या भागांचं काय करायचं ते सांगते. एकटीदुकटी टिक् असेल तर ऑडॅसिटीत तेवढीच सिलेक्ट करून रिपेअर मारा, तो जास्तीत जास्त 128 सॅम्पलवर चालतो आणि अशा काट्यांसाठी फार छान आहे, शेजारची वेव्ह बघून मधली जागा भरतो. अख्ख्या फाइलवर डी-क्लिक लावलं तर ट आणि क ची धारही जाते, म्हणून हातानेच करा, वेळ लागला तरी. हम्मला 50, 100, 150 वर अरुंद नॉच (तेवढीच फ्रीक्वेन्सी कापणारा फिल्टर) द्या, पण पुरुषाचा आवाज असेल तर 100 ते 150 मध्येच त्याचा पाया असतो, तिथे नॉच रुंद झाला की आवाज पोकळ लागतो. नॉइज रिडक्शन लागलंच तर एका वेळी सहा डेसिबलच्या वर जाऊ नका. दोनदा सहा दिलेलं एकदा बारापेक्षा बऱ्याचदा बरं ऐकू येतं. ज्या वाक्यात सॅम्पल हरवलेत किंवा क्लिपिंग आहे ते वाक्य परत वाचा, त्याच माईकपासून त्याच अंतरावर, तासभर प्लगइनशी झगडण्यापेक्षा दहा मिनिटांत काम होतं. परत रेकॉर्ड करताना मोठ्यात मोठं वाक्य उणे 12 ते उणे 6 डेसिबलच्या मधे राहील एवढाच गेन.

आज एवढं करा: बफर 1024, एरोप्लेन मोड, चार्जर काढलेला, परफॉर्मन्स मोड चालू, गप्प बसून एक मिनिट आणि वाचत पाच मिनिटं रेकॉर्डिंग. मग चार्जर लावून तेच परत. दोन्हींचे स्पेक्ट्रम आणि एका टिक्‌चा पूर्ण झूम केलेला स्क्रीनशॉट टाका, शिवाय माईक डायनॅमिक लावल्यावर काय झालं ते लिहा, म्हणजे पुढचं नेमकं सांगता येईल.